पाष्ट्यांचं सीलबंद विमान

"म्हणजे लेले भावोजी चोर?"

"चोर कुठे म्हटलं मी? छेडछाड म्हटलं."

"एकच ते."

"एकच नाही. चोरीचं कलम वेगळं, छेडछाडीचं वेगळं."

"कलमं घाला चुलीत! तो माणूस तुमच्या विमानाचं फुटलेलं नाक स्वतःच्या घरी नेतो, चिकटवतो, परत आणून देतो, वर चहासुद्धा घेत नाही..."

"तेच तर! घरी कशाला नेलं? आपल्याकडे टेबल नव्हतं?"

"होतं. त्याच्यावर मी गवार निवडत होते. मीच म्हटलं त्यांना, घेऊन जा वर."

"तू म्हणालीस?"

रवींद्र पाष्ट्यांचा हात जागच्या जागी थांबला. चष्म्याच्या वरून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ही नजर रंभाबाईंच्या ओळखीची होती. याच नजरेने त्यांनी उभ्या कल्याण-डोंबिवलीतले विजेचे मीटर पाहिले होते.

"बघा, बघा असे. आता मलाही घ्या आरोपींत. गवारीसकट."

पाष्ट्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी मान खाली घातली आणि विमानाच्या पोटावरच्या झाकणातून तार ओवली. दोन टोकं शिशाच्या गोळीत घातली, गोळी पकडीच्या तोंडात धरली आणि दाबली. कट् आवाज झाला. झाकण सीलबंद झालं.

विमान तसं साधंच, रिमोटवर उडणारं. थर्माकोलसारख्या फोमचं, पांढरं, वरच्या बाजूला लांब पंख. शिकाऊ माणसाने उडवायचं, पाडायचं, चिकटवायचं आणि पुन्हा उडवायचं. पण पाष्ट्यांच्या हाती पडल्यापासून त्याला मीटरची कळा आलेली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर रंभाबाईंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा फोमवर. कुणी स्क्रू तसूभर जरी फिरवला तरी ठिपका मोडायचा आणि पाष्ट्यांना कळायचं.

पाष्टे वीज कंपनीच्या भरारी पथकातून निवृत्त झाले होते. भरारी पथक म्हणजे वीजचोरी पकडणारे लोक. कुणी तारेवर आकडा टाकलाय, कुणी मीटरमागे लोहचुंबक लपवलंय, कुणी मीटरला वळसा घालून आतल्या आत वायर नेलीय, हे पाष्टे दारात उभं राहून ओळखायचे. म्हणायचे, "मीटर खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." ठाण्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले की समोरचा वकील आधी पाणी प्यायचा, असं ते स्वतः सांगत. वकिलाला कुणी कधी विचारलं नाही.

नोकरी सुटली, नजर सुटली नाही. दूध आलं की पिशवीची शिवण बघायची. गॅसवाल्याने सिलिंडर ठेवला की त्याच्या देखत वजन करायचं. भाजीवालीने जुडी पुढे केली की आतली काडी ओढून बघायची. ठाकुर्लीच्या बाजारात एक मावशी त्यांना लांबूनच सांगायची, "दादा, मेथी ताजी हाय, पन तुमाला न्हाय पटनार. फुडे जा."

आणि मग बिल्डिंगचा तो प्रकार झाला. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप मीटरला वळसा घालून चालतात, हे पाष्ट्यांना एकदा जिना उतरता उतरता कळलं. दुसरा कुणी असता तर सेक्रेटरीला बाजूला घेऊन चार शब्द बोलला असता. पाष्ट्यांनी स्वतःच्याच बिल्डिंगवर स्वतःचंच जुनं पथक आणलं. दंड सगळ्यांनी भरला, पाष्ट्यांनीही भरला. पण त्या दिवसापासून त्यांच्या दाराची बेल वाजायची बंद झाली. सेक्रेटरी आनंद भोईर जिन्यात दिसले की मोबाईल कानाला लावायचे. सत्यनारायणाचा प्रसाद वरच्या मजल्यावर जायचा, खालच्या मजल्यावर जायचा, मधल्या पाष्ट्यांचं दार ओलांडून जायचा. पाष्ट्यांनी विमान आणलं तेव्हा गेटवर कुणीतरी म्हणालंच, "भरारी पथकाला पंख फुटले रे!"

त्या अख्ख्या बिल्डिंगमधून एक सौमित्र लेले तेवढे यायचे. ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटे, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. दंड भरला त्याच संध्याकाळी ते खाली येऊन दारातच म्हणाले होते, "पाष्टे, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. करण्याची पद्धत भयंकर होती. चहा आहे का?" लेल्यांना विमानांचा नाद. दर रविवारी स्कूटरला विमान बांधून खाडीकडच्या माळावर जायचे. एकदा पाष्ट्यांना घेऊन गेले आणि पाष्टे परत आले ते विमान घ्यायचं ठरवूनच. मान वर करून इतका वेळ आभाळाकडे ते पूर्वी कधी बघत होते, तर विजेच्या खांबावरचा आकडा शोधताना.

पण पहिल्याच रविवारी विमान पडलं. उडालं छान, वळलं छान, आणि मग नाक खाली करून सरळ जमिनीत. लेले धावत गेले, वाकले आणि म्हणाले, "शेपटीकडच्या दांडीचा स्क्रू सुटलाय."

बस्स. पाष्ट्यांच्या डोक्यात तिथे ठिणगी पडली. इतक्या पटकन कसं कळलं याला? स्क्रू त्यांनी स्वतः आवळलेला, ठिपका स्वतः लावलेला. आता ठिपका दुभंगलेला. मग मधल्या वेळात विमान कुणाच्या हातात होतं?

लेल्यांच्याच.

कारण उडवायच्या आधी एक तपासणी करायची असते. एकाने विमान हातात धरून उभं राहायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन लांब लांब चालत जायचं आणि तिथून विमानाचे पंख, शेपटी हलतात का ते बघायचं. सिग्नल कुठवर पोचतो ते कळतं. हे काम एकट्याने होत नाही. त्या दिवशी विमान लेल्यांनी धरलं होतं. पाष्टे रिमोट घेऊन लांब गेले होते. विमानाकडे पाठ करून.

"मोटरच्या थरथरीने सुटतात हो स्क्रू," लेल्यांनी समजावलेलं. "नेलपॉलिशने नाही धरत. त्याचं डिंकासारखं वेगळं लॉक मिळतं, थेंबभर लावायचं."

पाष्ट्यांनी हो म्हटलं होतं. हो म्हणणं हे त्यांचं तपासाचं पहिलं पाऊल. समोरचा बेसावध राहतो.

आणि आता, रंभाबाईंच्या टेबलावर, दुसरं पाऊल चाललेलं.

"पण त्यांना काय मिळणार हो तुमचं विमान पाडून?" रंभाबाईंनी विचारलं.

"त्याचं जुनं, माझं नवं."

"दहा विमानं आहेत त्यांच्या घरात!"

"शिवाय परवा जिन्यात भोईरशी बोलत होता. हसत होते दोघं."

"जिन्यात माणसं हसतात, पाष्टेसाहेब. फक्त तुम्ही असलात की थांबतात."

हे जरा लागलं. पाष्ट्यांनी उत्तर म्हणून दुसरी गोळी उचलली.

"सकाळी तू येणार आहेस माळावर."

"मी? मी कशाला?"

"पंच म्हणून. सील शाबूत असल्याचं उद्या कुणीतरी सांगायला नको?"

रंभाबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्या खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, ऐका. या बिल्डिंगमध्ये आपल्या घरात पाऊल टाकणारा एकच माणूस उरलाय. तुमच्याशी दोन शब्द बोलणारा एकच. त्यालाही सील मारा आणि मग बसा दोघं, तुम्ही आणि तुमची पक्कड."

पाष्ट्यांनी पक्कड हातात फिरवली. खरंतर ही ती जुनी पक्कड नव्हती. नोकरीतली निवृत्तीच्या दिवशी जमा करावी लागली होती. ही त्यांनी दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली.

"त्या केसासारख्या दोन तारा होत्या ना हो, बाहेर आलेल्या?" जाता जाता रंभाबाईंनी विचारलं. "एक आडवी, एक उभी चिकटवलेली?"

"त्याही घेतल्या आत. गुंडाळून, बांधून, सील करून. सुटी तार म्हणजे चोराला आमंत्रण."

सकाळी माळावर वारा पडलेला होता. खाडीच्या बाजूने चिखलाचा ओला वास येत होता. लेले आधीच येऊन बसले होते. रंभाबाईंना पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे वा! आज वहिनीसुद्धा? विमान बघायला?"

"मी पंच आहे," रंभाबाई म्हणाल्या. "आणि पोहे आणलेत."

लेले खळखळून हसले. मग त्यांचं लक्ष विमानाकडे गेलं. पोटाखाली लोंबणारी शिशाची गोळी त्यांनी बोटाने हलवली.

"हे काय पाष्टे?"

"हात नका लावू. सील आहे."

"सील? कशासाठी?"

"धूळ जाते आत."

लेल्यांनी गोळीकडे पाहिलं, पाष्ट्यांकडे पाहिलं, रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाई डब्याचं झाकण उघडण्यात फारच गुंग झाल्या होत्या.

"बरं," लेले म्हणाले. हसू थोडं कमी झालेलं. "द्या इकडे. मी धरतो, तुम्ही रिमोट घेऊन लांब जा. तपासून घेऊ."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तान्हं मूल घ्यायला करतात तसे.

पाष्ट्यांनी विमान छातीशी धरलं. "नको. घरी तपासलंय मी."

"घरी कुठे?"

"हॉलमध्ये."

"अहो, हॉलमध्ये सगळंच चालतं. प्रश्न लांबचा असतो. द्या ना, कितीसा वेळ लागतो?"

"नको म्हटलं ना. वारा वाढेल."

वारा नव्हताच. लेल्यांचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते पँटला पुसले, जणू काही लागलं होतं, आणि खिशात घातले.

विमान उडालं. सुरेख उडालं. पाष्ट्यांच्या छातीत काहीतरी वर गेलं, आणि ती भावना संशयाची नव्हती, म्हणून त्यांना ती नीट ओळखता आली नाही. एक चक्कर झाली. दुसऱ्या चकरेला विमान खाडीच्या अंगाला लांब गेलं, लहान झालं.

"आता आणा वळवून," लेले हळूच म्हणाले.

पाष्ट्यांनी रिमोटची काडी डावीकडे ओढली. विमान वळलं नाही. पुन्हा ओढली, पार टोकापर्यंत. विमान ऐकेना. मग त्याच्या मोटरचा आवाज अचानक बंद पडला आणि ते गुपचूप, कुणी सोडून दिल्यासारखं, खाली खाली जात बाभळींत शिरलं.

"सिग्नल तुटला," लेले म्हणाले. "तुटला की मोटर आपोआप बंद होते. चला, बघू."

पण पाष्टे विमानाकडे बघतच नव्हते. ते लेल्यांच्या गळ्याकडे बघत होते. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला लेल्यांचा स्वतःचा रिमोट होता.

"हा चालू होता?"

"काय?"

"तुमचा रिमोट. चालू होता का?"

"माझं विमान अजून स्कूटरला बांधलेलं आहे, पाष्टे."

"मी विमानाचं नाही विचारलं. रिमोटचं विचारलं."

"अहो!" रंभाबाईंच्या हातातला चमचा डब्यात पडला.

लेल्यांनी रिमोट गळ्यातून काढला. उलटा केला. मागचं झाकण उघडलं आणि पाष्ट्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. आतमध्ये बॅटरी नव्हतीच. ती घरी चार्जिंगला राहिली होती.

"विसरलो आज," लेले म्हणाले. "म्हटलं, आज पाष्ट्यांचंच विमान बघू."

पाष्ट्यांनी रिकाम्या खणात वाकून पाहिलं. वाकून पाहिलं हे वाईट, असं रंभाबाई पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. प्रश्न विचारलात तो विचारलात, पण वाकून पाहिलंत!

बाभळींतून विमान काढताना लेल्यांच्या हाताला काटा लागला. नाक पुन्हा फुटलं होतं, त्यावरचा पंखा मोडला होता, पण पोटावरची गोळी जशीच्या तशी.

"इथेच उघडून बघू या," लेले म्हणाले.

"नाही. घरी. टेबलावर. पंचांसमोर."

"पंच तर इथेच आहेत, पोह्यांसकट."

"दोन पंच लागतात."

"मग मी आहे की."

"तुम्ही कसे चालाल?" पाष्ट्यांच्या तोंडून निघून गेलं. "आरोपीच पंच?"

ते थट्टेत म्हणाले असं वाटायला थोडी जागा होती. लेल्यांनी ती जागा घेतली नाही. त्यांनी स्कूटर चालू केली आणि म्हणाले, "येतो मी तुमच्या घरी. बघायचंच आहे मला आता."

रिक्षात रंभाबाई बाहेर तोंड करून बसल्या होत्या. विमान पाष्ट्यांच्या मांडीवर. त्यांच्या डोक्यात तपास चालूच होता. रिमोटमध्ये बॅटरी नव्हती, ठीक. पण बॅटरी मुद्दाम काढून ठेवली नसेल कशावरून? भोईर कुठे होता या वेळेला? नाक चिकटवताना आत काही ठेवलं असेल, छोटंसं, दूरवरून चालणारं? असली यंत्रं त्यांनी मीटरमध्ये पाहिली होती. सापडेल. सील आहे, म्हणजे जे असेल ते आत आहे. कुठे जात नाही.

टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. मधोमध विमान ठेवलं. एका बाजूला रंभाबाई, दुसऱ्या बाजूला लेले. लेले बसले नाहीत. त्यांच्या हातावर काट्याची लाल रेघ होती.

"पंचांनी सील बघून घ्यावं," पाष्टे म्हणाले. आवाज कोर्टातला.

"बघितलं," रंभाबाई म्हणाल्या. "तुमचंच आहे. काल या डोळ्यांसमोर मारलंत. पुढे?"

"शाबूत आहे?"

"शाबूत आहे हो!"

पाष्ट्यांनी तार कापली. झाकण उचललं. मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहिलं. उपरं काही नव्हतं. लहान यंत्र नव्हतं, कापलेली वायर नव्हती, सुटलेला स्क्रू नव्हता. लाल ठिपके सगळे जागेवर. त्यांनी बोट घालून कोपरे चाचपले. फोमचा चुरा निघाला, तेवढाच.

"काही सापडलं?" लेल्यांनी विचारलं.

"नाही. म्हणजे, अजून नाही."

"मी बघू? लांबूनच. हात नाही लावत."

लेले वाकले. पाठीमागे हात बांधून वाकले, वस्तुसंग्रहालयात वाकतात तसे.

"रिसीव्हरच्या या दोन तारा," ते म्हणाले, "मी एक आडवी आणि एक उभी चिकटवली होती. तुम्हाला दाखवलं होतं. कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. टोकं मोकळी ठेवायची. विमानाचे कान असतात ते."

पाष्ट्यांनी पाहिलं. दोन्ही तारा एकमेकींवर घट्ट गुंडाळलेल्या, त्यांच्यावरून सीलच्या तारेचे पीळ आणि त्या पिळांवर शिशाची गोळी. टापटीप काम होतं. मीटरच्या आत असंच करायचं असतं. सुटं टोक दिसता कामा नये.

"जवळ असलं की अशा मुटकुळ्यातूनही ऐकू येतं," लेले म्हणाले. "हॉलमध्ये येणारच. लांब गेलं की बहिरं. मी धरलं असतं आणि तुम्ही लांब गेला असतात, तर जमिनीवरच कळलं असतं."

रंभाबाईंनी पहिल्यांदाच नवऱ्याला टोमणा मारला नाही, आणि त्यामुळे पाष्ट्यांना जास्तच उघडं पडल्यासारखं झालं. डोक्यात सवयीने एक वाक्य उभं राहिलं: चित्र दाखवलं होतं याला पुरावा काय? पण पुरावा फ्रिजवरच होता. लोहचुंबकाखाली, लेल्यांच्या हातचं विमान, दोन तारा लाल पेन्सिलने काढलेल्या, मोठमोठ्या, शाळेतल्या पोरांना काढून देतात तशा. पाष्ट्यांनीच लावलेलं. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

त्यांनी छोटी कात्री घेतली. गोळीची तार कापली, पीळ उलगडले, तारा बोटांनी सरळ केल्या. एक आडवी. एक उभी.

"पाष्टे," लेले म्हणाले, "एकच विचारतो. हे सील चोरासाठी होतं, की माझ्यासाठी?"

पाष्ट्यांनी मान वर केली. त्यांनी बॅटरीची पिन जोडली. विमानाची शेपटी एकदा थरथरली आणि स्थिर झाली.

मग त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचललं, मोडक्या नाकासकट, उघड्या झाकणासकट, टेबलाला वळसा घालून लेल्यांसमोर आले आणि पुढे केलं. लेल्यांचे हात खिशात होते. पाष्टे तसेच उभे राहिले. लेल्यांनी हात बाहेर काढले, आणि त्यांनी विमान धरलं की नाही याची खात्री न करताच पाष्ट्यांनी आपले हात सोडले.

रिमोट उचलला. चपला पायात सरकवल्या.

"अहो, ते काहीतरी विचारतायत तुम्हाला!" रंभाबाई म्हणाल्या.

पाष्टे दाराबाहेर पडले आणि रिमोट धरून जिना उतरू लागले. खाली भोईर गेटपाशी उभे होते. पाष्टे त्यांच्याही पलीकडे, लांब, आणखी लांब चालत राहिले. विमानाकडे पाठ करून.